पाठीवर थाप नको, संहितेवर पेन्सिल चालवा

(मराठी रंगभूमीवरील ज्येष्ठ नाटककार, दिग्दर्शक आणि नाट्यसंस्थांचे पदाधिकारी यांना खुले पत्र)



नव्या लेखिकांसाठी, दिग्दर्शिकांसाठी काही कार्यक्रम असला की तुम्ही येता. शिबिराचं उद्घाटन करता, एकांकिका संपल्यावर विंगेत येऊन पाठ थोपटता, वेळ काढून चार शब्द बोलता. तुम्हाला आमच्याविषयी आस्था आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. ज्यांना या विषयाचं काही देणंघेणं नाही, त्यांना लिहून उपयोग नव्हता. माझं मागणं एका वाक्यात सांगायचं तर असं आहे: कौतुक पुष्कळ मिळालं, आता आम्हाला शिकवा.

एका नाट्यलेखन शिबिरात मी समन्वयाचं काम करत होते. शेवटच्या दिवशी मार्गदर्शकांनी तपासलेल्या संहिता परत वाटायच्या होत्या. एका मुलाची संहिता उघडली. पान चारवर समासात लिहिलं होतं, ‘ही एंट्री उशिरा आहे, बापाचं वाक्य संपायच्या आत आण.’ पान नऊवर सहा संवादांवर काट मारून बाजूला शेरा, ‘हे प्रेक्षकाला आधीच कळलंय.’ एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह, दुसऱ्या ठिकाणी ‘हिला इथे रंगमंचावर काम काय?’ आणि शेवटच्या पानावर, ‘दुसऱ्या अंकाचं बोलू, येऊन भेट.’ खाली फोन नंबर. त्याखालची संहिता एका मुलीची होती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘छान! संवेदनशील. लिहीत राहा.’ पुढची सगळी पानं कोरी.

मार्गदर्शक एकच होते, आणि गृहस्थ अगदी सज्जन. मुलीची संहिता त्यांना मनापासून आवडली होती, तसं ते माझ्याशी बोललेही होते. मग पेन्सिल का थांबली? मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, तो तिचा अनुभव आहे. त्यात मी पुरुषाने काय हात घालायचा?’ या उत्तरामागची भावना चांगली आहे, तरी त्या मुलीचं त्यात नुकसान झालं. अनुभव तिचा असेल, पण पात्राची एंट्री कुठे हवी, प्रसंग कुठे तुटायला हवा, कुठली माहिती प्रेक्षकापासून दडवून ठेवायची, हे प्रश्न नाटकाचे आहेत. ते बाईच्या नाटकालाही तेवढेच लागू आहेत. त्या मुलाने वर्षभरात दुसरा ड्राफ्ट लिहिला, तिसरा लिहिला, त्याचं दोन अंकी नाटक उभं राहिलं. मुलीकडे ‘छान’ एवढंच होतं, आणि त्यावरून पुढचा ड्राफ्ट लिहिता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मुलींना कडक बोललं की त्या खचतात. स्पष्ट सांगते, आम्ही खचत नाही. घरच्यांशी भांडून, नोकरी सांभाळून, रात्रीची तालीम करणारी मुलगी ‘तुझा दुसरा प्रवेश फुसका आहे’ एवढ्या वाक्याने मोडत नाही. तिला त्या वाक्याच्या पुढचं वाक्य हवं असतं, का फुसका आहे आणि काय करता येईल, याचं.

आपल्या रंगभूमीला शिकवण्याची परंपरा नाही असं तर कोणी म्हणणार नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीम मास्तर होते. बालगंधर्व १९०५ मध्ये त्या मंडळीत आले आणि देवलांच्या तालमीत घडले. वाक्य कुठे तोडायचं, पदाआधी किती थांबायचं, पदर कसा सावरायचा, हे रोज समोर बसून घोटून घेतलं जायचं. रंगमंचावरची स्त्री कशी असावी हे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला असं वर्षानुवर्षं शिकवलं, आणि त्यातून मराठी रंगभूमीचा एक काळ उभा राहिला. त्याच काळात गिरगावात हिराबाई पेडणेकर लिहीत होत्या. ‘जयद्रथ विडंबन’ त्यांनी १९०४ मध्ये लिहिलं. ‘संगीत दामिनी’ १९१२ मध्ये ललितकलादर्शने रंगभूमीवर आणलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी यांच्यासारख्या मंडळींशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता, कोल्हटकरांना त्या गुरुस्थानी मानत. म्हणजे सहवास होता, चर्चा होती, कौतुकही होतं. पण नाटक कंपनीत रोज उठून जाण्याची, तालमीला मागे बसून आपलं वाक्य नटाच्या तोंडात कसं वाकतं ते पाहण्याची, ते बदलून दुसऱ्या दिवशी परत आणण्याची सोय कलावंतीण घराण्यातल्या या बाईंना कोणी करून दिली? पुढे त्यांनी मुंबई सोडली, कोकणात पालशेतला उरलेलं आयुष्य काढलं आणि १९५१ मध्ये त्या गेल्या. नंतर वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘कस्तुरीमृग’ लिहिलं. चांगलं झालं. पण ‘दामिनी’नंतर तुमचं पुढचं नाटक कुठलं, हे त्यांना वेळेवर कोणी विचारलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता.

गिरिजाबाई केळकरांचं उदाहरण तर मी सभांमधून मुद्दाम सांगते. खाडिलकरांच्या ‘बायकांचे बंड’ला उत्तर म्हणून त्यांनी ‘पुरुषांचे बंड’ लिहिलं, १९१३ मध्ये. १९२८ च्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं. एक नाटककार बाई इतक्या लवकर संमेलनाध्यक्ष झाली, याचा अभिमान वाटतो. त्यानंतर दुर्गा खोटे, ज्योत्स्ना भोळे, फैयाज, कीर्ती शिलेदार यांना तो मान मिळाला. त्या सगळ्या थोर अभिनेत्री आणि गायिका. रंगभूमीने बाईचा गळा आणि चेहरा मनापासून स्वीकारला. तिचा कागद आणि तिची दिग्दर्शकाची खुर्ची स्वीकारायला मात्र आपण अजून कचरतो.

हे बोललं की लगेच उत्तर येतं: विजयाबाई होत्या ना! होत्या, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. पण विजया मेहता कशा घडल्या तेही बघा. इब्राहिम अल्काझी आणि आदि मर्झबान यांच्याकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं. १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू झालं, आणि तिथे त्यांना नाटककार, नट, प्रेक्षक आणि चुका करायला अवकाश मिळाला. त्यांच्याकडे प्रतिभा होतीच, तिला शिक्षण मिळालं, संस्था मिळाली. आज साठ वर्षांनंतरही आपण तेच एक नाव पुढे करत असू, तर त्या वाटेने दुसऱ्या किती जणींना नेलं याचा हिशेब आपण द्यायला हवा. सुलभा देशपांडे, सई परांजपे, सुषमा देशपांडे, शांता गोखले ही नावं मला ठाऊक आहेत. त्यातल्या बहुतेकींनी वाट स्वतः पाडली.

आता तालमीच्या वेळांबद्दल. आपली बहुतेक तालीम संध्याकाळी सातनंतर असते, कारण सगळे नोकऱ्या करतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण खरं शिक्षण तालीम संपल्यावर सुरू होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. रात्री साडेदहाला हॉलला कुलूप लागतं आणि मंडळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जमतात. तिथे सर मोकळे होतात. आजचा प्रवेश का पडला, तेंडुलकरांनी अमुक ठिकाणी शांतता कशी वापरली, त्या नटाकडून काम कसं काढायचं, प्रकाशाचा क्यू अर्धा सेकंद आधी का घ्यायचा, हे सगळं तिथे बोललं जातं. पुढच्या नाटकाला सहाय्यक कोण, तेही तिथेच ठरतं. त्या वेळी मुली शेवटची एसटी नाही तर शेवटची लोकल गाठायला निघालेल्या असतात, कारण होस्टेलचं गेट बंद होतं, सासूबाई जाग्या असतात, बाळ झोपायचं असतं. म्हणून तिथे मिळणारं अर्धं शिक्षण आमच्या वाट्याला येतच नाही, आणि पाच वर्षांनी ‘मुलींमध्ये तेवढी तयारी दिसत नाही’ असं आम्हाला ऐकवलं जातं. माझी विनंती साधी आहे. शेवटची चाळीस मिनिटं तालीम थांबवा आणि ते बोलणं हॉलमध्येच करा, दिवे चालू असताना, सगळे बसलेले असताना. चहा तिथे मागवता येतो. उशीर होणारच असेल तर परतीच्या गाडीचा खर्च नाटकाच्या अंदाजपत्रकात धरा, जसा नेपथ्याच्या टेम्पोचा धरता.

आणि ‘सहाय्यक दिग्दर्शक’ म्हणून जाहिरातीत आमचं नाव येतं, तेव्हा प्रत्यक्षात काय काम मिळतं? कपडेपट सांभाळ, प्रॉपर्टीची यादी कर, प्रॉम्प्टिंग कर, अमक्याला फोन करून तालमीला बोलाव, रुसलेल्या नटीची समजूत काढ. यातलं कुठलंही काम हलकं नाही. पण त्यातून दिग्दर्शन येत नाही. ब्लॉकिंग चालू असताना दिग्दर्शकाच्या शेजारी वही घेऊन बसायला, एखादा प्रवेश स्वतः बसवून दाखवायला, तांत्रिक तालमीत प्रकाशयोजनाकाराच्या बाजूला उभं राहून डिमर हाताळायला मिळालं, तर दिग्दर्शन येतं. पुढच्या नाटकाला तुमच्या सहाय्यिकेला एक प्रवेश पूर्ण सोपवा. बिघडला तर बसून सांगा कुठे बिघडला, आणि दुरुस्तही तिलाच करू द्या.

विषयांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मार्च महिना आला की आमचे फोन वाजू लागतात. आठ मार्चला एखादं ‘स्त्रियांचं’ नाटक हवं असतं. ज्योती म्हापसेकरांच्या ‘मुलगी झाली हो’ने १९८३ पासून गावोगाव काय काम केलं, ते मी जाणते. त्या परंपरेबद्दल मला कृतज्ञता आहे. पण साखर कारखान्याच्या निवडणुकीवर लिहू पाहणाऱ्या मुलीला ‘हा तुझा विषय नाही, तू तुझ्या आतलं लिही’ असा सल्ला का मिळावा? कारखान्याच्या गेटवर तिच्या बापाचा जन्म गेला, तिच्या आतलं तेच आहे. तिच्या नाटकात अकरा पात्रं होती. एवढी माणसं घेऊन तुला कोण तालमीला हॉल देणार, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. तिने ती सात केली, मग चार, शेवटी एक बाई आणि एक खुर्ची उरली. प्रयोग बरा झाला, पण निवडणूक त्यातून निघून गेली होती. एकपात्री हा मोठा नाट्यप्रकार आहे, सुषमाताईंचं ‘व्हय मी सावित्रीबाई’ ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण तो लेखिकेने निवडलेला असावा. हॉल, नट आणि पैसे नाहीत म्हणून तो गळ्यात पडत असेल, तर बायकांच्या लेखनाचा आकारच आपण लहान करतो आहोत.

हे पत्र बायकांपुरतं नाही. स्वतःला बाई किंवा पुरुष यातलं काहीच म्हणवून न घेणारे, नॉनबायनरी, आणि पारलिंगी रंगकर्मी आज लिहीत आहेत, नाटकं बसवत आहेत. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं, चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं. दोन्ही मोठ्या जिव्हाळ्याने लिहिलेली नाटकं. चेन्नईत लिव्हिंग स्माइल विद्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पन्मै’ हा स्वतःचा नाट्यगट काढला. आपल्याकडे अशी मंडळी एकेकटी आहेत, जिल्ह्याच्या गावांत आहेत, आणि त्यांना शिकवायला कोणी बसत नाही. आमच्या गटात असे एक दिग्दर्शक आहेत, तेवीस वर्षांचे. त्यांनी माण तालुक्यातल्या टँकरच्या रांगेवर एकांकिका बसवली. सात-आठ मिनिटं रंगमंचावर फक्त घागरी सरकतात, कोणी बोलत नाही, आणि प्रेक्षागृह गप्प होतं. निकालाच्या वेळी परीक्षक त्यांच्याविषयी बराच वेळ बोलले, आणि ते सगळं त्यांच्या ‘धाडसा’विषयी होतं. घागरींविषयी चकार शब्द नाही. वर सुचवलं, ‘पुढच्या वेळी स्वतःच्या आयुष्यावर करा.’ त्या दिग्दर्शकांना हवं होतं ते एवढंच, की रांगेचा प्रवेश दोन मिनिटांनी लांबला आहे का, हे कोणीतरी सांगावं.

अशा रंगकर्मींसाठीच्या काही गोष्टी तर एका बैठकीत मार्गी लागतील. प्रवेशिकेत लिंगाच्या रकान्यात तिसरी जागा ठेवा, किंवा तो रकाना काढूनच टाका. अभिनयाची पारितोषिकं स्त्री आणि पुरुष अशी विभागलेली असतील तर अशा कलावंतांचं नाव कुठे धरणार, हे स्पर्धेआधी ठरवा, निकालाच्या रात्री नको. बाहेरगावच्या मुक्कामात खोल्या वाटताना आधी विचारा. मेकअप रूमशेजारी कडी लागणारं एक स्वच्छतागृह सर्वांसाठी मोकळं ठेवा. पोस्टरवर ते सांगतील तेच नाव छापा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. नाट्यसंस्थांनी अजून वाट पाहावी असं काही उरलेलं नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. अलीकडे काही ज्येष्ठ खासगीत म्हणतात, ‘आता मुलींना शिकवायचीच भीती वाटते, उद्या काय आरोप होईल सांगता येत नाही.’ हे वाक्य मला फार लागलं. भीतीच्या हिशेबात आमच्या भीतीची नोंद कोणी ठेवली होती? रात्री एकटीला संहिता घेऊन घरी बोलावणारे, वाचनाच्या निमित्ताने अंगचटीला येणारे, आणि नकार दिल्यावर भूमिका काढून घेणारे आम्ही पाहिले आहेत. किती जणींनी त्यापायी नाटक सोडलं, ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्यापेक्षा लहान गटांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. मानधन मिळत नाही म्हणून हौशी संस्थेला हा कायदा लागू नाही, ही समजूत चुकीची आहे. विनामोबदला आणि शिकाऊ म्हणून काम करणाऱ्याही त्यात येतात. हा कायदा स्त्रियांच्या तक्रारींपुरता आहे, म्हणून बाकीच्यांसाठी संस्थेने आपला नियम करावा. समितीची नावं आणि फोन नंबर तालमीच्या हॉलमध्ये भिंतीवर लावा. संहितेवरची चर्चा हॉलमध्ये, संस्थेच्या कार्यालयात, चार लोकांत करा. एवढं केलं की चांगल्या शिक्षकाला घाबरण्यासारखं काही राहत नाही, आणि शिकणारीलाही.

यातलं काहीच अशक्य नाही, कारण असे प्रयत्न आपल्याकडे झाले आहेत. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ नंतरच्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांच्या विकासाची योजना चालवली. मुंबईत रेज प्रॉडक्शन्स आणि लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने मिळून ‘रायटर्स ब्लॉक’ केलं. तिथे लेखकांना एकामागून एक ड्राफ्ट लिहायला लावले आणि त्यातून झालेल्या नाटकांचे प्रयोगही केले. तीन दिवसांच्या शिबिराने नाटककार घडत नाही. एका माणसाने एका संहितेच्या मागे वर्षभर राहावं लागतं.

स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना म्हणून सुचवते: लेखनाच्या आणि दिग्दर्शनाच्या एखाद्या पारितोषिकाची रक्कम वाढवण्याऐवजी विजेतीला वर्षभरासाठी एक मार्गदर्शक, तालमीसाठी ठरावीक तास हॉल आणि शेवटी एक जाहीर अभिवाचन द्या. मार्गदर्शकालाही मानधन द्या. फुकटच्या कामाला कोणी किती वेळ देणार? हे मुंबई-पुण्यापुरतं ठेवू नका. राज्य नाट्यस्पर्धेची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथे दर वर्षी लेखिका दिसतात आणि नाहीशा होतात. झाडीपट्टीत दिवाळीनंतर वडसा परिसरातून रात्र रात्र नाटकं निघतात, बायका त्यात भूमिका करतात. लेखकांच्या यादीत त्या का नाहीत, हे तिथल्या निर्मात्यांशी बसून बोललं पाहिजे.

आणि ज्येष्ठ दिग्दर्शिका, लेखिका, तुमच्याशीही एक शब्द. ‘आम्ही नाही का सोसलं?’ असं तुमच्यातल्या काही जणी म्हणतात. सोसलंत, म्हणून आम्ही इथवर आलो. पण तुम्हाला जे एकटीने शोधावं लागलं, ते पुढचीला तुमच्याकडून एका दुपारीत कळलं, तर तिची पाच वर्षं वाचतील आणि त्या पाच वर्षांत ती एक नाटक जास्त लिहील.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर आत्ता कुठल्या तरी मुलीची, नाही तर अशा एखाद्या नवख्या रंगकर्मीची संहिता पडलेली असेल. ‘वेळ मिळाला की वाचतो’ असं तुम्ही तिला सांगितलेलं असेल. पावसाळा संपला की स्पर्धांची धावपळ सुरू होईल आणि ती संहिता ढिगाच्या तळाला जाईल. म्हणून या आठवड्यातच ती घ्या. हातात पेन्सिल घेऊन वाचा, जिथे कंटाळलात तिथे खूण करा, जिथे पटलं नाही तिथे का ते लिहा, आणि मग फोन करून तिला दुसऱ्या ड्राफ्टची तारीख द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नाटककार आणि दिग्दर्शिका
सातारा